रॅकराव

रॅकराव हे कुणा एकाचं नाव नाही. फ्रीमाँट, सॅन होजे, तिकडे वर रेडमंड, आत डेन्व्हरच्या आसपास, जिथे जिथे मराठी इंजिनिअरने विजेवरचा पिकअप ट्रक घेतला तिथे तिथे एक रॅकराव आपोआप तयार झालेला आहे. वय पंचेचाळीस ते पन्नास. शिक्षण मेकॅनिकल, पोट सॉफ्टवेअरवर. मुलगी कॉलेजला निघालेली, गुडघा कुरकुरायला लागलेला, आणि आपल्यात एक गिर्यारोहक दडलेला आहे याचा शोध नुकताच लागलेला. फ्रीमाँटच्या रॅकरावांबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण त्यांचं गॅरेज आणि माझं स्वयंपाकघर यांच्यात फक्त एक लाकडी कुंपण आहे.

त्यांनी गाडी घेतली ती रिव्हियन, 2023 च्या उन्हाळ्यात. या कंपनीचे डीलर नसतात. किंमत स्क्रीनवर, पटली तर घ्या. समोर माणूसच नाही, तर घासाघीस करायची कुणाशी? ‘साहेब, मॅट तरी फुकट टाका’ हे वाक्य आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या खरेदीत उच्चारायलाच मिळालं नाही, हा साधा आघात नव्हे. ती तुंबलेली घासाघीस पुढे कुठून तरी फुटणारच होती.

अर्थात हिशेब त्यांनी केलाच. तेव्हा सरकार विजेच्या गाडीला करात सवलत देत होतं, पण पिकअपची छापील किंमत ऐंशी हजार डॉलरच्या आत हवी, आणि कारखान्यातून बसवून आलेली प्रत्येक वस्तू त्या किमतीत धरली जायची. नंतर घेतलेली नाही. रॅकरावांनी एकेका पर्यायापुढची खूण काढत काढत गाडी ऐंशी हजारांच्या जेमतेम खाली आणली आणि 3,750 डॉलर पदरात पाडून घेतले. महिनाभर ते चाळीतल्या सेक्रेटरीसारखे छाती काढून फिरत होते. ‘बाकीच्या वस्तू काय, बाहेर स्वस्तात मिळतात,’ असं मला कुंपणावरून सांगितलंही.

बाहेर म्हणजे कुठे ते त्यांना एका शनिवारी कळलं. या ट्रकचा हौदा अवघा साडेचार फुटांचा. पाच माणसांची ऐसपैस केबिन, पुढे इंजिनाच्या जागी डिकी, मधे गाडीच्या पोटातून आरपार गेलेला सामानाचा बोगदा, एवढं सगळं झाल्यावर माल ठेवायला उरतं ते साडेचार फूट. प्लायचा तक्ता आठ फुटी. शिडी त्याहून लांब. नावेचं तर नावच नको. म्हणजे हौद्याच्या वर आडव्या दांड्या हव्यात, आपल्याकडे जीपच्या टपावर कॅरिअर असतो तशी काही तरी सोय. रॅकरावांनी दोन दांड्यांची किंमत पाहिली. पाचशेच्या घरात. उभे खांब असलेली जरा दणकट रॅक पाहिली. हजाराच्या पुढे, चांगल्या नावाची दोन हजारांपर्यंत. पॅकिंग मोठं म्हणून वाहतूक वेगळी, आणि वर फ्रीमाँटचा सव्वादहा टक्के विक्रीकर.

त्या रात्री त्यांच्या गॅरेजातला दिवा दोन वाजेपर्यंत जळत होता.

सकाळी चहाला आले ते वहीच घेऊन. ‘दोन दांड्या. फार तर सहा किलो. अ‍ॅल्युमिनियमचा भाव किलोला अडीच-तीन डॉलर. अठरा डॉलरचा माल! घडाई धर, काळा रंग धर, मालकाच्या मुलीचं लग्न धर. शंभर. पाचशे कसले?’

आता बघा, याच माणसाने बॅटरीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. शेकडो किलोंची बॅटरी, ट्रकमधला सगळ्यात महाग भाग, तिचे किलोला किती पडले याची चौकशी नाही. कारण ती कशी करतात ते माहीत नाही. दांडी मात्र आपल्या इलाख्यातली. पहिली नोकरी चिंचवडला, वर्कशॉपचा वास अजून नाकात. दांडीत त्यांना कुणी फसवू शकत नाही. माणूस जिथे अडाणी असतो तिथे मुकाट पैसे मोजतो, भांडतो ते ज्यातलं कळतं तिथेच. भाजी घेणारी माझी आजी डॉक्टरच्या बिलावर कधी बोलली नाही.

आणि कुलपं! त्या दांड्यांबरोबर कुलपं येत नव्हती. ती वेगळी, शंभरच्या आसपास. ‘अरे, हे म्हणजे दार विकायचं आणि कडी वेगळी!’ असं ते जो भेटेल त्याला सांगत होते. भारतीय किराणा दुकानात, मुलांच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, एका सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत. गुरुजींनाही सांगितलं. गुरुजींनी शांतपणे विचारलं, ‘गाडीची पूजा झाली का?’

मग भोसरीची आठवण झाली. तिथे त्यांच्या मामेभावाचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, जिने, कंपन्यांच्या ट्रॉल्या. रॅकरावांनी हौदा मापला, ड्रॉइंग काढलं, टॉलरन्ससकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मामेभावाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. मागे कटरचा आवाज.

‘दादा, ड्रॉइंग मिळालं. होऊन जाईल. सेक्शन आणतो, आर्गन वेल्डिंग करतो, पावडर कोटिंग बाहेरून. सहा हजारांत बसवतो.’

‘रुपये?’ रॅकरावांचा आवाज भरून आला होता.

‘मग काय? पण दादा, वर ठेवणार काय?’

रॅकराव क्षणभर थांबले. ‘नाव,’ म्हणाले.

‘कुणाचं?’

‘बोट रे! होडी.’

‘होडी घेतली?’

‘घेणार आहे.’

पलीकडे कटर बंद पडल्याचं ऐकू आलं. ‘दादा, छोटा हत्तीच घ्यायचा होतास. तो पण आता विजेवर येतो.’

सहा हजारांचा आनंद चार दिवस टिकला. विमानाने पाठवायचं तर कुरिअरवाले वजन नाही, खोकं मोजतात. लांबी, रुंदी, उंची गुणून जे येईल ते वजन. सहा किलोंच्या दांड्या त्या गणितात एका पैलवानाएवढ्या झाल्या. बोटीने पाठवायच्या तर आयात शुल्क, कस्टमचा दलाल आणि त्याची फी. सगळी बेरीज पाचशेच्या वर पंचेचाळीस गेली. वहिनी म्हणाल्या, ‘मग इथलीच का नाही घेत?’ घरातल्या बाईने हे एवढ्या थोडक्यात सांगायला नको होतं. त्यामुळे खरेदी आणखी दोन महिने लांबली.

शेवटी दांड्या आल्या. बसवल्या. आणि गाडी ताशी साठ मैलांवर गेली तशी शिट्टी वाजायला लागली. दांडीवरून वारा जाताना मागे एका तालात भोवरे सुटतात, त्यांचा हा सूर. त्यावर उपाय आहे आणि तो रॅकरावांना पाठ होता: दांडीवर दोरी मळसूत्रासारखी गुंडाळायची, म्हणजे भोवऱ्यांचा ताल बिघडतो. कारखान्याच्या उंच धुराड्यांच्या टोकाला वळत गेलेली पट्टी असते, ती याचसाठी. घरात बारीक दोरी नव्हती. त्यांनी पायजम्याची नाडी गुंडाळली. शिट्टी थांबली हे मला कबूल केलं पाहिजे. ऐंशी हजारांच्या गाडीवर पांढरी नाडी उठून दिसते, हेही.

वाऱ्याचं मात्र काही करता आलं नाही. वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध चौपट होतो, आणि दांड्यांवर काही नसलं तरी विजेचा काटा खाली सरकतो. पेट्रोलच्या ट्रकवाल्याला हे जाणवत नाही, तो पाच मिनिटांत टाकी भरून निघतो. रॅकराव लेक टाहोच्या वाटेवर चार्जरपाशी बसून रिकाम्या रॅकने खाल्लेल्या मैलांचा तक्ता करत. रिकामी रॅक वाहणं मनाला पटेना म्हणून त्यांनी तिच्यावर घडीचा तंबू बसवला. तंबू रॅकच्या कितीतरी पट महाग. त्यावर चकार शब्द नाही. त्याचं कापड कसलं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

होडी आलीच नाही.

ट्रकला खरं काम पडलं ते गणपतीत. मंडळाच्या मिरवणुकीचे ढोल स्टोरेजमधून आणायचे होते. ‘ट्रक आहे ना आपल्याकडे!’ असं सगळे म्हणाले आणि रॅकराव तीन आठवडे त्याच वाक्यावर जगले. त्या दिवशी हौद्याचं मागचं दार उघडलं तर वर दांड्या, दांड्यांवर तंबू, आणि खाली हातभर जागा. ढोल उभा राहीना. आडवा घातला तर दुसरा मावेना. तंबू काढायला चार माणसं आणि एक विशिष्ट पाना लागतो, माणसं होती. ढोल अखेर एका आजींच्या मिनीव्हॅनमधून गेले, मधली सीट काढून, दोन खेपांत. रॅकवर केळीचे खांब बांधले. ते छान बसले. लाल फडकं लावून रॅकराव ताशी पंचवीस मैलांनी मिरवणुकीच्या जागी आले, आणि त्या दिवशी त्यांना कुणी किंमत विचारली नाही.

2025 च्या पावसाळ्यात त्यांनी तंबू आणि दांड्या विकायला काढल्या. आपल्याकडचा पावसाळा म्हणतोय मी, इथे कडक ऊन होतं. बघायला आला तो नाशिकचा एक तरुण, नवा कोरा ट्रक घेतलेला, अजून पहिल्या वॉशचा वास असलेला. मी कुंपणाला पाणी घालत होतो. कुंपणाला पाणी घालायची गरज नसते.

‘काका, दोन दांड्यांचे साडेचारशे?’

रॅकराव घसा खाकरून उभे राहिले. ‘हे बघ. फोर्डने 2023 साली अमेरिकेत एफ-मालिकेचे साडेसात लाख ट्रक विकले. त्यांच्या विजेवरच्या ट्रकचाही हौदा साध्या ट्रकसारखाच, म्हणून त्याला बाजारातली कुठलीही रॅक चालते. आपल्या कंपनीच्या त्याच वर्षी सगळ्या मिळून सत्तावन्न हजार गाड्या बनल्या, त्यात अ‍ॅमेझॉनच्या व्हॅनसुद्धा आल्या. आता एवढ्याशा गिऱ्हाइकासाठी वेगळी डाय बनवायची, वेगळे क्लँप बनवायचे, वर्षभर टेस्टिंग करायचं. तो खर्च किती दांड्यांवर वाटणार? शिवाय या वर्षी अ‍ॅल्युमिनियमवरचं आयात शुल्क मार्चमध्ये पंचवीस टक्के झालं, जूनमध्ये पन्नास. नवीन घ्यायला जाशील तर रडशील.’

मुलगा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने नाडीच्या बाजूने एक दांडी उचलली, तळहातावर तोलली, दुसऱ्या हाताने खिशातून फोन काढला.

‘काका, हिचं वजन किती असेल?’

रॅकरावांनी दांडी त्याच्या हातातून हळूच काढून घेतली.

‘किलोवर नसतं रे हे,’ ते म्हणाले.