पोटाचं नाई, लघवीचं होतं

"काहून वो बाई, रोवण्याले नाई गेली? सारं दिघोरी बांधीत उतरलं, अन् तू लंगोट वाळू घालून रायली!"

"कशाची जाते काकू! नोनी कालच भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातून घरी आली."

"अवो माय! हगवणीनं का?"

"आमाले बी तसंच वाटलं. ताप, ओकारी, पातळ संडास. सासूबाई म्हणे, दात येऊन रायले. नणंद म्हणे, नजर लागली. गावात औषध घेतलं, तं घडीभर ताप उतरे अन् पुन्हा अंग चुलीवानी तापे. मंग भंडाऱ्याले नेलं. तिथल्या म्याडमनं पयलेच विचारलं, लघवी करताना रडते का, वास येते का?"

"संडास लागली अन् लघवीचं काहून विचारते?"

"मी बी तेच म्हटलं! त्या म्हणाल्या, तान्ह्या लेकराले जळजळ सांगता येत नाई. लघवीत जंतू झाले तं ताप, ओकारी, जुलाब, चिडचिड, एवढंच दिसते. सर्दी-खोकला नसताना ताप आलेल्या शंभर तान्ह्यांत पाच-सात जणांले हेच निघते."

"पन जंतू आले कुठून?"

"पोटातलेच. ई. कोलाय म्हणतात. पोरीची लघवीची नळी आखूड, वाट जवळ. जुलाबाचा लंगोट अंगाले लागून रायला का चढतात वर. म्हणून पुसाचं ते पुढून मागं."

"तू रोवण्याले, लेकरू म्हातारीजवळ. तिले काय दिसते!"

"हडू बोला, आतच आहेत! नमुना घ्याची तं गंमतच. साध्या पाण्यानं धुतलं, नर्सबाईनं थंड पाण्याचा बोळा ओटीपोटावर फिरवला. मी डबी धरून बसली. नोनीनं पयले माझं लुगडं भिजवलं, मंग डबीत धार लागली."

"पिशवी चिकटवतात ना वो? आमच्या नातवाले चिकटवली होती."

"जुलाबात तिच्यात संडासचे जंतू मिसळतात, मंग नसलेला रोग बी दिसते. अन् अँटिबायोटिक आधीच देलं तं कल्चरमध्ये जंतू उगवत नाई. म्हणून आधी नमुना, मंग औषध. कल्चरले दोन दिवस लागतात, पन औषधासाठी थांबले नाई."

"आता बरी आहे ना?"

"खेळते. पन गोळ्या-औषध ताप गेला तरी पुरं कराचं. अर्धवट सोडलं अन् जंतू मूत्रपिंडात गेले तं वण राहते, पुढं बीपी लागते. मूत्रपिंडाची सोनोग्राफी बी केली. अन् जुलाब होते म्हणून ओआरएस चालूच. एक पुडी एक लिटर पाण्यात. आशाताईनं झिंकच्या गोळ्या देल्ल्या, चौदा दिवसांच्या. अंगावरचं दूध बंद नाई."

"बाप्पा! आमच्या लहान्या सुनेच्या पोरीले बी दोन दिवसांपासून ताप आहे. खोकला नाई, सर्दी नाई. ती मीठ-मिरच्या ओवाळून रायली."

"ओवाळू द्या, त्यानं काही बिघडत नाई. पन सुस्त पडली, लघवी कमी झाली, तं सरळ 108 ले फोन लावा. अन् घरात उरलेली कोणाची अँटिबायोटिकची बाटली असंल, ती आधी लपवून ठेवा."

"बाटली? कालच उघडली तिनं! अवो सुनबाई, थांब वो, चमचा खाली ठेव!"