एका कपासाठी नऊ बार

कोथरूडच्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरवलं. दुखणं जुनं होतं. चाळीसेक वर्षांपूर्वी लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात ‘एक्स्प्रेसो’चं चकचकीत यंत्र असायचं. पोऱ्या तोटी फिरवायचा, फुर्रर्र आवाज व्हायचा, फेस कपाबाहेर डोकवायचा आणि त्यावर चॉकलेट पावडरीची चिमूट पडायची. वधूपक्षाची ऐपत जिलबीवरून नव्हे, त्या फुर्ररवरून ठरायची. तेच संगीत रोज सकाळी आपल्या ओट्यावर वाजावं, इतकीच त्यांची इच्छा.

पहिल्याच दुकानात स्वप्नाला तडा गेला. मांडवातली ती एस्प्रेसो नव्हतीच. तो वाफेचा बंब. कपात इन्स्टंट कॉफी आणि साखर, त्यावर वाफेने फुलवलेलं दूध. खऱ्या एस्प्रेसोत गरम पाणी बारीक दळलेल्या कॉफीतून जोराने ढकलतात. इटलीतलं रूढ माप असं: 7 ग्रॅम कॉफी, 9 बार दाब, 25 सेकंद आणि कपात 25 मिलिलिटर.

“अहो, एवढंसं?” सोबत आलेल्या पत्नी म्हणाल्या. “हे कपात घ्यायचं की तीर्थासारखं तळहातावर?”

गृहस्थ चिडले नाहीत, अभ्यासाला लागले. त्यांना कळलं, की बिचारी वाफ अगदीच परकी नाही. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी 1901 मध्ये पेटंट घेतलं, त्या यंत्राची सारी भिस्त वाफेच्या दाबावरच होती. दाब जेमतेम दीड बार, आणि कॉफी करपल्याची तक्रार. दुसरं महायुद्ध संपल्यावर अकिले गाज्जा यांनी स्प्रिंगचा दांडा आणला. दांडा खाली ओढायचा, स्प्रिंग पाणी रेटते. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कॉफीवर पहिल्यांदा ती बदामी साय धरली. लोक आधी बिचकले, म्हणून तिला ‘क्रेमा’ असं गोंडस नाव मिळालं. 1961 मध्ये फाएमा कंपनीने दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला आणि त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून यंत्राचं नाव ठेवलं ‘ई 61’. आपल्याकडे ग्रहणात लोक काही शिजवत नाहीत.

नऊ बार म्हणजे किती, हे त्यांनी घरच्यांना आकडेमोड करून समजावलं. कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बार जास्त असतो. पाण्याच्या टाकीच्या भरवशावर नऊ बार हवे असतील, तर टाकी 90 मीटर उंच, म्हणजे तीस मजल्यांवर लागेल. त्यांच्या सोसायटीची टाकी पाचव्या मजल्यावर. तिथून शॉवरलाही पाणी आढेवेढे घेत येतं.

मेव्हण्यांनी तेवढ्यात 20 बारचं मशीन आणलं आणि फोनवर तो आकडा तीनदा उच्चारला. खोक्यावरचा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. कपाला नऊ पुरतात. स्पीडोमीटरवर 160 लिहिलेलं असलं, तरी लक्ष्मी रस्त्यावर स्कूटर पंधरानेच जाते.

मग बॉयलर. एकच असेल, तर आधी कॉफी, मग तो वाफेइतका तापेपर्यंत थांबा, मग दूध. दोन असतील, तर दोन्ही कामं एकदम. पण किंमत आणि आकार बघून पत्नींनी टेप काढली. ओटा आणि वरचं कपाट यांच्यात यंत्र मावलं, तरी पाण्याची टाकी भरायला झाकण उघडायचं कसं? शिवाय ‘ई 61’ जातीचं जड पितळी डोकं नीट तापायला अर्धा तास घेतं. तेवढ्यात घरात दोन चहा होऊन कपबशा विसळून होतात.

खरी मेख शेवटी निघाली. दुकानदार म्हणाला, “काका, ग्राइंडर कोणता घेताय?”

घरी मिक्सर होता. त्यात कॉफी टाकली तर थोडी पिठूळ, थोडी खडबडीत निघते. नऊ बारचं पाणी सैल जागा शोधून सटकतं आणि कप एकाच वेळी आंबट आणि कडू होतो. लागतात ती दोन चाकं, त्यांच्यातलं अंतर केसागणिक कमीजास्त करता येणारी. हे ऐकून गृहस्थांच्या नव्वदीच्या आई प्रथमच बोलल्या: “म्हणजे जातंच की रे!” बरोबर होतं. गिरणीवाला गव्हाला वेगळं आणि भाजणीला वेगळं दळण लावतो, तसंच इथे. बिया बदलल्या, शिळ्या झाल्या, की दळण पुन्हा जुळवायचं.

पैसे मोजकेच होते. गृहस्थांनी हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर आणि चिकमगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया घेतल्या. मशीन पुढल्या दिवाळीला. तोवर माळ्यावरचा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर खाली आला आहे, त्याला जरा जाडसर दळण चालतं. आई कॉफीवर जायफळ किसतात आणि पत्नी आता बशीत ओतून पितात. मशीन घ्यायला निघालेल्यांनी आधी दळणाचं बघावं. कोथरूडच्या ओट्यावर मशीनसाठी मोजलेल्या तीस सेंटिमीटर जागेत तूर्त लिंबाच्या लोणच्याची बरणी आहे.