दीडपटीचे अव्वल कारकून

महसूल खात्याच्या दप्तरात ज्याचे केस पांढरे झाले, त्याला यंत्रातले काही उमगणे संभवनीय नाही, असा आमच्या जावईबापूंचा आणि त्यांच्या सहवासाने आमच्या कन्येचाही दृढ ग्रह होता. परंतु मिशिगनमधील त्यांच्या गॅरेजात शेवरोलेच्या ३५० घनइंची व्ही-८ एंजिनाची दोन्ही झाकणे उचलली गेली आणि सोळा रॉकर आर्म आठ-आठांच्या दोन रांगांत माझ्यासमोर हजर झाले, तेव्हा त्यांची ओळख करून देण्याची तसदी कोणाला घ्यावी लागली नाही. मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून मी जन्मभर पाहिले आहेत.

खाली, अंधारात आणि तेलात, कॅमशाफ्ट हा वरिष्ठ अधिकारी फिरत असतो. व्हॉल्व्ह उघडावा असे त्याच्या मनात आले की त्याचा उंचवटा लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, आणि पुशरॉड तो हुकूम रॉकरच्या एका टोकाशी रुजू करतो. रॉकर मधल्या स्टडवर कलून दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबतो. यात गोम अशी, की मूळ हुकूम ०.३०० इंचाचा असला तर व्हॉल्व्हच्या पदरी तो ०.४५० इंचाचा होऊन पडतो, कारण कारखान्याने रॉकरचे प्रमाणच १.५ ठरविलेले आहे. कलेक्टरसाहेबांचे ‘सवडीने पाहावे’ हे तलाठ्याच्या कानी ‘सूर्यास्तापूर्वी हजर करावे’ असे पडत असे, ते याच तत्त्वाने. फरक इतकाच, की शेवरोलेने आपले प्रमाण उघडपणे जाहीर केले होते.

हे एंजिन १९५५ साली २६५ घनइंचांचे म्हणून बाजारात आले (३५० चा अवतार १९६७ चा), तेव्हा सगळे रॉकर एका सामायिक दांड्यावर ओवण्याची जुनी वहिवाट त्यात मोडीत निघाली होती. पाँटिॲक मोटार विभागातील क्लेटन लीच यांच्या कल्पनेनुसार पोलादी पत्रा दाबून केलेला खोलगट रॉकर, त्याच्या पोटात एक अर्धगोल, आणि ज्याचा त्याला स्वतंत्र स्टड व नट, एवढाच हा सरंजाम. स्वस्त, हलका आणि बिनतक्रार. लक्षावधी मोटारी त्यावर निभावल्या, आणि माझे मत विचारले असते तर प्रकरण तेथेच निकालात निघाले असते.

जावईबापूंना मात्र १.६ हवे होते.

“बाबा, कॅम बदलायचा म्हणजे एंजिनाचं अख्खं तोंड उघडायचं. रॉकर बदलले की लिफ्ट आपोआप वाढते. स्वस्तात पॉवर!”

हिशेब चोख होता: ०.३०० ला १.६ ने गुणले की ०.४८०. वाढ इंचाच्या तीस हजारांशाची, म्हणजे कचेरीतल्या सात-आठ कोऱ्या कागदांच्या जाडीइतकी. परंतु एंजिन मिनिटाला ६००० फेरे घेऊ लागले म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो व मिटतो, आणि इतक्या घाईत सात-आठ कागदांचा जादा बोजासुद्धा कोणाच्या तरी बोकांडी बसतोच. तो कोणाच्या, हे शोधण्यासाठी आम्ही शेजारच्या वृद्ध गृहस्थांना पाचारण केले. त्यांची हयात डेट्रॉइटच्या टूलरूममध्ये गेलेली, आणि ‘स्वस्तात’ हा शब्द ऐकताच चष्मा पुसावयास घेण्याची त्यांना सवय.

त्यांनी एकेकाचा जबाब घेतला. स्प्रिंग जादा दाबली गेल्यावर तिची वेटोळी एकमेकींना टेकणार नाहीत ना? वरची रिटेनर-वाटी खालच्या सीलवर आपटणार नाही ना? १.६ साठी पुशरॉडची खाच स्टडच्या जवळ सरकते, तेव्हा हेडमधल्या भोकाच्या काठाला पुशरॉड घासणार नाही ना? स्प्रिंग कडक घ्याल, तर हेडमध्ये नुसते ठोकून बसविलेले स्टड उपटून येतील. ते काढून आट्यांचे बसवावे लागतील. त्यांच्याखाली गाइडप्लेट घालाल, तर पुशरॉड कठीण केलेल्या पोलादाचे हवेत. आणि गाइडप्लेट असता स्वतःच सरळ राहणारे, टोकाला कडा असलेले नव्या धर्तीचे रॉकर मुळीच वापरायचे नाहीत, कारण एका व्हॉल्व्हला दोन मार्गदर्शक झाले की मधल्यामध्ये त्याचा जीव जातो. जावईबापूंच्या एका ओळीच्या यादीने पान केव्हाच भरले होते.

मग धातूचा वाद. सुया भरलेल्या बेअरिंगवर झुलणारे, टोकाला रोलर असलेले ॲल्युमिनियमचे रॉकर हलके व देखणे खरे; पण ॲल्युमिनियम दीर्घकाळच्या ताणाने थकते, आणि रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत पोलादच बरे, हा शेजाऱ्यांचा अभिप्राय मला एकदम पटला. देखणेपणावर बढती मिळालेले कारकून मी पाहिले आहेत.

त्यांचे खरे कसब मात्र भूमितीत दिसले. व्हॉल्व्हच्या टोकावर त्यांनी काळ्या मार्करने शाई फासली, नमुन्याचा एक रॉकर बसविला, एंजिन हाताने सावकाश फिरविले आणि रॉकर उतरवून टोक भिंगाखाली धरले. शाई पुसून उमटलेला चकचकीत पट्टा अरुंद आणि मध्यावर हवा. तो एका बाजूला सरकून रुंदावला होता. पुशरॉडची लांबी बदलल्याशिवाय त्यांनी मंजुरी दिली नाही.

एवढे होऊन नमुन्याचा रॉकर इतका उंच निघाला, की जुने झाकण बसेना. उंच झाकण आणले, ते ब्रेकच्या बूस्टरला टेकले. जावईबापू म्हणाले, लहान बूस्टर घालू. आता ही गाडी न्यायची कोठे, तर दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर भरणाऱ्या ड्रीम क्रूझला, जेथे १९९५ पासून जुन्या मोटारींची अशी दाटी होते, की एंजिनाला हजार-बाराशे फेऱ्यांपलीकडे जाण्यास मुभा मिळत नाही आणि सबंध गाडीत कामाला लागतो तो एक ब्रेक. तोच लहान करण्याची तजवीज मला शहाणपणाची वाटली नाही, आणि तसे मी नमूद केले.

अखेर तडजोड झाली: पोलादी रॉकर, टोकाला रोलर, मध्ये जुना अर्धगोल, प्रमाण १.५, जुनी झाकणे कायम. १.६ चा प्रस्ताव शेरा मारून दप्तरी दाखल केला. दुसऱ्या दिवशी चहाचा कप हाती घेण्याच्या आतच फेरविचाराचा अर्ज आला.

“बाबा, इनटेकला १.५ राहू देत. एक्झॉस्टच्या आठांना तेवढे १.६ दिले तर?”