टंचाई मान्य, हिशेब नामंजूर

शॉटगन आणि टेबलाच्या खणाची चिमुकली किल्ली या दोन वस्तू सारखीच जागा अडवतात, हे मला आजही मान्य नाही. ‘रेसिडेंट इव्हिल’चा पहिला भाग १९९६ साली प्लेस्टेशनवर आला, तेव्हापासूनची ही तक्रार आहे. गेम घडतो त्या हवेलीत शिरलेल्या जिल व्हॅलेंटाइनला सामान ठेवायला आठ कप्पे मिळतात आणि ख्रिस रेडफिल्डला सहा. पिस्तुलाने एक कप्पा खाल्ला, त्याच्या गोळ्यांनी दुसरा, औषधी पाल्याने तिसरा. मग एका दालनात भिंतीत बसवायचं पदक सापडतं, दुसरीकडे किल्ली, आणि संपलं. पुढच्या खोलीत टेबलावर काडतुसांचा डबा समोर दिसतो, पण हात रिकामा नसल्यामुळे तो तिथेच सोडून यावं लागतं.

ख्रिसचं तर आणखी वाईट. जिलकडे कुलपं उघडायचं हत्यार असतं. ख्रिसकडे ते नसतं, म्हणून त्याला छोट्या किल्ल्या गोळा करत हिंडावं लागतं. ज्याला कप्पे कमी, त्याच्याच माथी किल्ल्यांचं ओझं. त्याला शॉटगन घ्यायची तर आधी कुठून तरी मोडकी शॉटगन शोधून आणायची, ती चांगलीच्या जागी भिंतीवर अडकवायची, तेव्हा कुठे शेजारच्या खोलीचं छत खाली येऊन त्याचा चेंदामेंदा करत नाही. जिल त्या छताखाली अडकली तर तिचा सहकारी बॅरी बर्टन दार फोडून तिला बाहेर ओढतो. ख्रिसच्या वाट्याला बॅरी नाही. ख्रिस मार जास्त सोसतो म्हणून तोल साधला, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. मार सोसायची ताकद आणि सामान न्यायची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीची भरपाई दुसरीने होत नाही.

टंचाईबद्दल मात्र माझं काही म्हणणं नाही, हे आधीच सांगून टाकतो. टंचाई हा या प्रकारच्या गेमचा प्राण आहे. १९८९ साली जपानमध्ये फॅमिकॉमवर आलेल्या ‘स्वीट होम’मध्ये ती दिसते: प्रत्येक पात्राला मोजकंच सामान नेता येतं आणि काय सोडायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. तो गेम करणाऱ्या तोकुरो फुजिवारा यांच्याच पुढाकाराने शिंजी मिकामी यांनी पुढे ‘रेसिडेंट इव्हिल’ घडवला. झॉम्बी भयंकर असतोच, पण पिस्तुलात चार गोळ्या उरल्यात हे माहीत असताना तो जास्त भयंकर होतो.

अरुंद बोळ आहे, कॅमेरा वरच्या कोपऱ्यातून खाली बघतोय, वळणापलीकडचं काही दिसत नाही, फक्त पाय घासत चालल्याचा आवाज येतो. बेरेटा पिस्तुलात पंधरा गोळ्या मावतात, सध्या चार आहेत. इथे गोळ्या घालाव्यात, की अंगावरून निसटून जावं? या बोळातून पुन्हा किती वेळा जायचंय? दोनदाच जायचं असेल तर निसटणं स्वस्त. दहादा जायचं असेल तर आज गोळ्या खर्चणं स्वस्त, कारण प्रत्येक वेळी चावा बसला तर पाला संपतो, आणि पाला गोळ्यांपेक्षा महाग. असा विचार करायला लावणारा गेम मला मनापासून आवडतो. पाल्याचा हिशेबही चोख आहे. हिरवा एकटा वापरला तर थोडा गुण येतो, तांबडा एकट्याने काहीच कामाचा नाही, दोन्ही मिसळले तर पूर्ण बरं वाटतं. म्हणून हिरवा हाताशी असूनही तांबड्याची वाट बघत लंगडत चालायचं. हे वाट बघणं खरं आहे.

पहिल्या भागाच्या २००२च्या नव्या आवृत्तीने या हिशेबात रॉकेलची भर घातली. पाडलेला झॉम्बी तसाच ठेवला तर काही वेळाने तो लालभडक होऊन, पहिल्यापेक्षा चपळ होऊन उठतो. तो उठू नये म्हणून एक तर डोकं उडवायचं, नाही तर प्रेत जाळायचं. रॉकेलची बाटली दोन प्रेतांना पुरते. म्हणजे मारण्याचा खर्च गोळ्यांवर संपत नाही, मागाहून जाळण्याचा खर्च येतो. हा नियम क्रूर आहे, तरी न्याय्य आहे. पण जिलला बाटलीसाठी एक आणि लायटरसाठी वेगळा एक असे दोन कप्पे द्यावे लागतात. लायटर! मुठीत मावणारी वस्तू, खिशात टाकली की विसरून जावं अशी, तिला ग्रेनेड लाँचरएवढी जागा. त्याच वर्षीच्या ‘रेसिडेंट इव्हिल झिरो’त मोठ्या वस्तू दोन कप्पे घेतात. मोठं ते मोठं, एवढं तरी कोणाला सुचलं. पण लगेच तिथे जास्तीचं सामान ठेवून जायच्या पेट्याच काढून टाकल्या आणि सगळं जमिनीवर टाकत फिरायची वेळ आणली.

टाइपरायटरच्या रिबनचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर हवा आणि त्यात घालायला रिबन हवी. रिबन मोजक्या, शिवाय त्यांनाही कप्पा लागतो. याने जोखीम वाढते, हे मला समजतं. पण गोळी संपते ती ख्रिसची आणि रिबन संपते ती माझी. ख्रिसची टंचाई मी आनंदाने सोसतो. माझी संध्याकाळ त्याच्या गोदामात जमा करायला मी तयार नाही. महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाच्या वर्षांत हे गेम खेळले त्यांना यावर अधिक सांगायला नको. रिबन वाचवावी म्हणून जतन पुढे ढकललं आणि वीज गेली, की तासभराची हवेली पुन्हा पहिल्यापासून. भीतीसाठी हे आवश्यक आहे असं म्हणणाऱ्यांनी १९९९चा ‘सायलेंट हिल’ खेळावा. तिथे जतन करायला काही मोजावं लागत नाही, कप्प्यांची मर्यादाही नाही, आणि धुक्यात खरखरणाऱ्या रेडिओची भीती तसूभरही कमी होत नाही.

माझी सगळ्यात जुनी सल मात्र काडेपेटीची आहे. ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ हा २०१०चा, एका किल्ल्यात घडणारा गेम. हातात शस्त्र नाही, राक्षस दिसला की पळायचं नाही तर लपायचं, आणि अंधारात फार वेळ थांबलं की नायक डॅनियलचं मानसिक संतुलन ढळतं. म्हणून उजेड हेच तिथलं धन. एक कंदील मिळतो, त्याला तेल लागतं. भिंतीवर मेणबत्त्या आणि मशाली असतात, त्या पेटवायला आग पाडायच्या पेट्या लागतात, आणि एक पेटी एकाच मेणबत्तीवर खर्च होते. आता माझा सरळ प्रश्न आहे. डॅनियलच्या हातात कंदील पेटलेला आहे. शेजारची मेणबत्ती पेटलेली आहे. तरी तिसरी मेणबत्ती पेटवायला नवी पेटी का? दिवाळीत एका पणतीवर दुसरी आणि दुसरीवर तिसरी पणती लावून अख्खा कठडा उजळतो, ते लहान मुलाला कळतं. डॅनियल सुशिक्षित माणूस आहे. त्या किल्ल्यात मी उजेडासाठी व्याकुळ झालो की भीती पातळ होऊन मनात हाच प्रश्न उरतो, आणि गेमचं नुकसान होतं ते इथेच.

‘रेसिडेंट इव्हिल’च्या २००५च्या चौथ्या भागात कप्पे गेले आणि चौकटींची बॅग आली. लांब बंदुकीला लांब जागा, गोळ्यांच्या डबीला लहान, किल्ल्या वेगळ्या. बॅगेत वस्तू फिरवून नीट बसवण्यात मी जितका रमलो तितका क्वचितच कशात रमलो असेन. मात्र तिथे दुसरंच निघालं. पडलेल्या शत्रूकडून काय मिळावं, हे तुमच्याजवळ काय कमी आहे ते पाहून गेम आतल्या आत ठरवतो. ज्याने अंदाधुंद गोळ्या उडवल्या त्याच्यापुढे गोळ्या येतात. ज्याने पायावर एक गोळी मारून लाथेने काम भागवलं, त्याची बॅग भरलेली पाहून हात आखडता घेतला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी ती ही. नवख्याला आधार द्यावा, माझी ना नाही. पण तो काटकसर करणाऱ्याच्या शिलकीतून का?

शेवटाकडे येऊ. पहिल्या भागात मॅग्नमची काडतुसं फार थोडी मिळतात. कुत्री खिडकी फोडून आत आली, शार्क अंगावर आला, तरी समजूतदार माणूस ती राखून ठेवतो, कारण शेवटी काहीतरी प्रचंड येणार हे त्याला ठाऊक असतं. ते येतं. हेलिकॉप्टर उतरायच्या गच्चीवर टायरंट हा राक्षस उभा राहतो, आणि वरून हेलिकॉप्टरचा पायलट ब्रॅड विकर्स रॉकेट लाँचर खाली टाकतो. फुकट. त्या एका रॉकेटने सगळं संपतं आणि मॅग्नमची काडतुसं ख्रिसच्या कप्प्यात तशीच राहतात. शिवाय ज्याने तीन तासांच्या आत गेम संपवला त्याला पुढच्या खेपेला न संपणारं रॉकेट लाँचर मिळतं. ज्याला गोळ्यांची गरजच उरली नाही असा वाकबगार खेळाडू तो.

दुसऱ्या भागापासून गेम संपल्यावर श्रेणी मिळते, आणि ती देताना वेळ मोजतात. तिथे आणखी एक रकाना हवा: न वापरलेल्या गोळ्या, न चघळलेला पाला, न खर्चलेल्या रिबन, नगानिशी. त्या शिलकीतला काही भाग पुढच्या खेपेच्या सुरुवातीलाच सामानाच्या पेटीत जमा करावा. आणि किल्ल्या कृपा करून जुडग्यात ओवाव्यात.