‘जरा गाडी दे की’ मंडळास अनावृत पत्र

खडेबाजार, बेळगाव

माझ्या जिवलग मित्रांनो, मित्रांच्या मेव्हण्यांनो आणि मेव्हण्यांच्या मित्रांनो,



या बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, हे आम्हा दुकानदारांचं जुनं रडगाणं. माझ्यापुरतं तुम्ही ते कायमचं मिटवलंत. माझी गाडी इथे उभीच नसते. सकाळी ती सांबऱ्याला विमानतळावर असते, दुपारी निपाणीत कुणाच्या तरी साखरपुड्याला, आणि शनिवार आला की चोर्ला घाट उतरून गोव्यात. मी रिक्षानं घरी जाताना ती समोरून आलीच, तर तुम्ही न विसरता हॉर्न वाजवून हात करता. एवढी आपुलकी हल्ली सख्ख्या भावांतही राहिली नाही.

किल्ली उचलताना तुमचं वाक्य ठरलेलं: ‘आपलीच गाडी समजून चालवतो की!’ हे वाक्य सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये फारच मनावर घेतलं आहे. प्रकरण शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं. एक जण दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन इलकलहून गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी अचानक थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. घरच्यांनी मोटारसायकलीच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली, तीही चूक कुणाची हे सिद्ध करावं न लागणाऱ्या कलम १६३-अ खाली. कोर्ट म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी येतो, आणि मालकाला या कलमाखाली आपल्याच गाडीच्या विम्यातून भरपाई मागता येत नाही. दुसऱ्या कलमाखाली काही देता येतं का ते बघा, असं सांगून प्रकरण हायकोर्टात परत पाठवलं. तेव्हा मित्रहो, तुमचा दावा कायद्याला मान्य आहे. आरसीवर नाव नाही, हप्ता कधी भरला नाही, तरी मरताना तुम्ही मालक म्हणून मराल.

माझ्या पॉलिसीत १५ लाखांचा अपघात विमा आहे, म्हणून कुणी हुरळू नये. तो माझ्या जिवाचा आहे. इतरांसाठी नावानिशी वेगळा घेता येतो. पण तुमची नावं भरायला बसलो तर फॉर्मला पुरवण्या जोडाव्या लागतील.

एरवी गाडीचा विमा दिलदार आहे. आपल्याकडे तो गाडीबरोबर चालतो, माणसाबरोबर नाही. मालकाच्या परवानगीनं कुणीही चालवावी, फक्त त्या प्रकारच्या वाहनाचं चालू लायसन हवं. घोडं अडतं ते इथेच. तुमच्यातल्या एकाकडे फक्त दुचाकीचं लायसन आहे. चारचाकी म्हणजे दोन दुचाक्याच की, असं त्याचं गणित. दुसऱ्याचं मार्चमध्येच संपलं. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस ते चालायचं, २०१९ च्या दुरुस्तीनं ती सवलतही काढून घेतली. अशा कुणी रस्त्यात माणसाला उडवलं, तर कोर्ट बहुधा कंपनीला आधी त्याचे पैसे द्यायला लावतं, आणि मग कंपनी ते वसूल करायला माझ्या दुकानाची पायरी चढते. शिवाय बिनलायसनवाल्याला गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मला ५,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं आपण बघू. हिंडलग्याच्या जेलात माझ्या वतीनं कोण बसणार, तेवढं मंडळानं सभा घेऊन ठरवावं. आणि सोळा वर्षांच्या भाच्याचा हात बसावा म्हणून त्याला स्टिअरिंग देणार असाल, तर सभेत ३ वर्षांच्या तयारीचा माणूस निवडा. त्यात २५,००० दंड वेगळा आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द.

पाव्हण्यांना मिरजेच्या गाडीला सोडून माणशी दोनशे घेणाऱ्यानं हेही ऐकावं: खासगी गाडी भाड्यानं चालवली की गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते. गोव्याहून परतताना बाटल्या डिकीत असल्या तर अबकारी नाक्यावर निस्तरा. पोटात असल्या तरी दावा तसाच बुडतो.

सगळं नियमात असतानाही तुम्ही घाटात बंपर फोडून आणता आणि म्हणता, ‘विमा आहे की!’ आहे ना. बंपर प्लास्टिकचा, म्हणून साध्या पॉलिसीत घसाऱ्यापोटी त्याची निम्मी किंमत कापतात. छोट्या गाडीला वर आणखी १,००० रुपये मालकाच्या माथी असतातच. मग लागोपाठ पाच वर्षं दावा न करता मिळवलेली ५० टक्क्यांची सूट पुढच्या हप्त्याला शून्यावर येते. बंपर तुमचा, सूट माझी. भरपाई म्हणून तुम्ही अर्धा किलो कुंदा आणून देता, आणि त्यातला पाव किलो तिथेच बसून खाता.

येत्या शनिवारी गोव्याला निघालेल्यांसाठी किल्ली आमच्या मुनीमजींकडे ठेवली आहे. लायसन डिजिलॉकरमधलं दाखवलं तरी चालेल. मुनीमजी चष्मा लावून तारीख आणि वाहनाचा प्रकार दोन्ही वाचतात, आणि सुदैवानं तुमच्यापैकी त्यांचा मित्र कुणीही नाही.

तुमचाच,
आरसीवरचा मालक