बांध आणि बत्तिशी

वारणानगरात राहून दिवसाचे 22 तास तोंड बंद ठेवायचं म्हणजे गावाशी फितुरीच. इथं साखर कारखाना, इथं दूध संघ, आणि श्रीखंडाचा डबा तर प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये. तरीही वयाच्या 43व्या वर्षी मी खालचे वाकडे दात सरळ करायला काढले आणि पारदर्शक अलाइनर चढवले. खाताना काढायचे, दात घासायचे, पुन्हा घालायचे.

आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, “एवढ्यात कवळी?”

1998 साली वारणा खोऱ्यातल्या 70 गावांना संगणकानं जोडायची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. त्याच वर्षी अमेरिकेत अशा अलाइनरना सरकारी मंजुरी मिळाली. म्हणजे इकडं गावाला तार आली आणि तिकडं दातांवरची तार गेली. ती प्रगती माझ्या तोंडापर्यंत पोचायला मात्र पंचवीसेक वर्षं लागली.

तिसऱ्या महिन्यात आरशात बघतो तर खालच्या दोन दातांमध्ये, हिरडीपाशी, काळा त्रिकोण! चहाच्या टपरीवर मित्रानं निदान केलं, “हिरडी सुटली की रं! आता हाड झिजणार, मग गाल बसणार.” गाल खरंच बसले होते. रात्री बायकोला उठवून शिवणाची टेप मागितली आणि जबडा मोजायला लावला. तिनं मोजला, म्हणाली, “रुंदी हाय तेवढीच हाय. मेंदूचं माप घेऊ का?”

शेवटी दाताच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बारीक खुणांची सळई हिरडीत घालून खोली मोजली, एक्स-रे काढला आणि समजावलं. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढं आमच्या भावकीचा बांध उभा राहिला.

चुलत्यानं बांध एका दिवसात कधीच सरकवला नाही. दरसाल नांगरानं एक तास कोरायचा. अलाइनरही तेच करतो. एका जोडीमागं दात फार तर पाव मिलिमीटर सरकतो. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीरातल्याच काही पेशी कोरतात, मागं मोकळ्या झालेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. आमच्या भावकीत हे भरायचं काम कुणी केलं नाही, एवढाच फरक. काळा त्रिकोणही नवा नव्हता. एकमेकांवर चढलेले दात बाजूला झाले, तेव्हा मागची रिकामी जागा दिसली.

“आणि चेहरा?” मी विचारलं.

“मोठ्या माणसाच्या गालाचं हाड यानं हलत नाही. ओठांची ठेवण थोडी बदलेल. पण आधीच हिरडीचा आजार असेल, किंवा पातळ हाडाबाहेर दात ढकलला, तर मात्र हिरडी उतरते.” म्हणजे ओढ्याकाठचा बांध कोराल तर ढासळणारच.

“मग गाल कशानं बसले?”

त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. चार किलो कमी! दर घासानंतर दात घासायचे म्हणून मी टपरीची भजी, दुपारचा चहा आणि रात्रीचं श्रीखंड सोडलं होतं. हाडं जागेवर होती, उपाशी होतो मी.

तेव्हा मंडळी, दात सरळ करायचे तर आधी हिरड्या आणि हाड तपासून घ्या. आणि झाल्यावर डॉक्टर सांगतील तितकी वर्षं रात्री दातांना जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घाला, कारण दात आणि भावकी, दोघांनाही जुन्या जागेची ओढ असते. बाकी घाबरू नका. बांध सरकला म्हणून गाव सरकत नाही.