चढायचं नाही, नुसतं बघायचं

भाईंदरच्या माणसाने सुट्टीच्या दिवशी गाड्या बघायला जाणं म्हणजे हलवायाने दिवाळीत दुसऱ्याच्या दुकानातली जिलेबी बघायला जाणं. हे मत आमच्या घरचं. "आठवडाभर ज्या गाडीत एका पायावर उभे राहता, तीच आता दोन पायांवर उभं राहून बघणार?" असा खुलासा विचारला गेला.

पण मुद्दा नेमका तोच होता. भाईंदरकराने लोकल आतूनच पाहिलेली असते. आतून म्हणजे काय, तर पुढच्याची घामेजलेली कॉलर आणि वरच्या कडीला लोंबकळणाऱ्यांच्या काखा. बाहेरून ती दिसते फक्त फलाटात शिरताना, आणि तेव्हा नजर गाडीवर नसते, दारावर असते. विरारहून भरून आलेली फास्ट असेल, तर दारातली मंडळी आपल्याकडे अशी बघतात, जणू आपण त्यांच्या लग्नात आगंतुक जेवायला आलोय. अशा वेळी गाडी सुंदर आहे की कशी, हा विचार कुणाला सुचणार?

म्हणून आमच्या लोकलच्या ग्रुपने ठरवलं, की जिच्यात चढायचं नाही अशी गाडी एकदा बघायची. पुढाकार अर्थातच 'लोको'चा. हा गृहस्थ हॉर्न ऐकून इंजिन ओळखतो. बायकोचा आवाज मात्र फोनवर हमखास चुकतो. दुसरे तात्या, निवृत्त. ऑफिस सुटलं तरी सकाळच्या गाडीची वेळ सोडवत नाही म्हणून अधूनमधून उगीच चर्चगेटपर्यंत जाऊन येतात. तिसरा भाई, शेजारच्या विंगेतला जैन मित्र. चातुर्मास असल्याने त्याने स्वतःसाठी खाकऱ्याचा डबा घेतला होता आणि आमच्यासाठी वडापाव, वर "पाप तुमचं, पैसे माझे" अशी वाटणीही करून टाकली.

ठिकाण ठरलं वसई-दिवा मार्गावरचं कामण रोड. आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे जे डोंगर दिसतात, ते त्याच बाजूचे. म्हणजे नाकासमोरचं गाव. पण रेल्वेला नाकासमोर जाणं मंजूर नाही. भाईंदरहून खाडी ओलांडायची, नायगाव मागे टाकायचं, वसई रोडला उतरायचं आणि मेमूत बसून पुन्हा उलट्या दिशेला वळून जुचंद्रवरून कामण गाठायचं. या वळशाचा मान फक्त आम्हालाच नाही. 2024 मध्ये वांद्र्याहून मडगावला गाडी सुरू झाली, तिलाही वसईत इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावून घ्यावं लागतं. कोकणात निघालेला माणूस आधी गुजरातच्या दिशेने जातो आणि मग विचार बदलतो.

खाडीवर दोन पुलांच्या मधे पाणजू बेट लागतं. 1867 मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. दिवसाला एक जाणार, एक येणार. तिच्या थांब्यांत पाणजू होतं, भाईंदर नव्हतं! आता भाईंदरला उभं राहायला जागा नाही आणि पाणजूला स्टेशन नाही. तात्या हे सांगत असतानाच डब्यातल्या कुणीतरी निर्माल्याची पिशवी दारातून भिरकावली. पुण्य खाडीत पडतं, पण नारळ पुलावरून चालत जाणाऱ्या पाणजूकराच्या डोक्यात बसतो. 2025 मध्ये एका तरुणाचा त्यात जीव गेला. तात्यांनी त्या भाविकाला जे सुनावलं, ते इथे छापता येणार नाही.

कामणला उतरलो तेव्हा पाऊस असा कोसळत होता, की समोरचा डोंगर आहे की नाही यावर मतभेद झाले. फलाटापलीकडे भातलावणी चालू होती. इरली गेली, पाठीवर निळं प्लॅस्टिक बांधून बाया ओणव्याने आवण लावत होत्या. आम्ही शेडखालचं बाकडं धरलं. भाईने डबा उघडला. खाकरा सादळून इतका मऊ झाला होता, की त्याची घडी घालता येत होती.

आणि गाडी काही येईना. लोकोने घरून कागदावर वेळा उतरवून आणल्या होत्या. हापा, ओखा, गांधीधामकडच्या कोकणमार्गे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. दरडीची भीती म्हणून वेग उतरवतात, मुसळधार असेल तर आणखी उतरवतात. लोकोचा कागद उन्हाळ्यातला निघाला. "म्हणजे आपण भर पावसात बसून गाड्या नसलेला रूळ बघतोय," भाई म्हणाला. रूळ, खरं सांगायचं तर, फारच छान दिसत होते.

शेवटी हॉर्न वाजला. "वॅग-9!" लोको ओरडला. न्हावाशेव्याची कंटेनर गाडी. इंजिन सहा हजार अश्वशक्तीच्या वरचं. "आणि चाल बैलाची," तात्या म्हणाले. आम्ही वाघिणी मोजायला लागलो. तात्यांच्या 44 झाल्या, भाईच्या 46, माझ्या मधेच एका कंटेनरवरचं चिनी नाव वाचण्याच्या नादात चुकल्या. "45 असतात," लोको थंडपणे म्हणाला. मग आधी का नाही सांगितलंस? "मजा गेली असती."

सगळ्यात शेवटी ब्रेकव्हॅन. गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं. तर त्या मॅनेजरांनी आमच्याकडे बघून चक्क हात हलवला. आम्ही चौघं गहिवरलो. भाईंदरला आजवर गाडीतून कुणी हात हलवला असेल तर 'आत जागा नाही' हे सांगायलाच.

त्यानंतर केरळकडची एक लांब पल्ल्याची गाडी आली, न थांबता जाणारी. लाल डबे, चाकांखालून उडणारं पाणी, दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक पोरगा. दृश्य खरोखर बघण्यासारखं होतं आणि आम्ही ते बघितलं नाही. कारण गाडी दिसताच चौघंही आपोआप उठलो, पाठीवरच्या बॅगा छातीवर घेतल्या आणि एक खांदा पुढे काढून फलाटावर पवित्र्यात उभे राहिलो. तात्या तर दोन पावलं गाडीबरोबर पळालेसुद्धा. चढायचं नाही हे डोक्याला कळलं होतं, खांद्यांना कोण सांगणार?

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला करटोल्यांची पाटी घेऊन बसलेली आजी हा कवायतीचा प्रकार बघत होती.

"गारी चुकली काय?"

"नाही आजी, गाड्या बघायला आलोय."

"कंशी?"

"भाईंदरवरून."

ती जरा वेळ गप्प राहिली. "तुमच्या भायंदरला गार्‍या नाय का?"

याला उत्तर नव्हतं. आम्ही तिच्याकडची करटोली घेतली. तेवढ्यात परतीची मेमू आली. आम्ही पुन्हा पवित्रा घेतला. पाय रोवून, खांदा काढून. दार समोर आलं तेव्हा आजी आत जाऊन खिडकीत बसली होती आणि पाटी तिने चौथ्या सीटवर ठेवली होती. आम्ही वसईपर्यंत उभे.

तुम्ही जाणार असाल तर मेमूच्या वेळा नीट बघून जा. दिवसाला मोजक्याच आहेत, एक हुकली की पुढची येईपर्यंत वाघिणी मोजत बसा. खाकरा नेऊ नका. करटोली मात्र तिथेच घ्या, घासाघीस न करता. भाईंदर स्टेशनबाहेर तोच वाटा दुप्पट भावाने जातो. आजीनेच सांगितलं, तिथे बसून तीच विकते.